बिनतारी यंत्रांतील सेलांची देखरेख

हौदांतील पाणी, दरवाजे वगैरेंवर लक्ष ठेवणारीं बिनतारी यंत्रें लहान सेलावर चालतात. पुष्कळांत सीआर२०३२ हा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. त्याचा विजेचा दाब बराच काळ जवळजवळ सारखा राहून अखेरीस एकाएकीं कोसळतो; तोहि बहुधा संदेश धाडतांना, कारण तेव्हां प्रवाह अधिक लागतो. म्हणून मोबाइलवरील टक्केवारीवर विसंबूं नये. आमच्या हौदावरील यंत्रांत ८० टक्के शक्ति दिसत होती. परंतु तो आंकडा तीन दिवसांपूर्वींचा, आणि पाण्याची पातळीहि तेव्हांचीच! यंत्र मुकें झालेलें. पंप कोरडा चालून जळाला. तेव्हां शेवटचा संदेश केव्हां आला, तें रोज पहावें. दर तासास संदेश देणारें यंत्र तीन तास गप्प राहिल्यास मोबाइलवर इशारा मिळेल, अशी तजवीज करावी. नवा सेल घालतांच तारीख यंत्राच्या पाठीवर लिहावी.