सभ्य चोर

दिवसा रॅफल्स क्रिकेट खेळून टाळ्या मिळवी आणि रात्री धनिकांचे जडजवाहीर लांबवी. हा सभ्य चोर हॉर्नंग या इंग्रज लेखकाच्या कथांतून १८९८ साली वाचकांपुढे आला. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल हा हॉर्नंगचा मेहुणा. गुन्हेगाराला नायक करणे बरे नव्हे, असे त्याने हॉर्नंगला आधीच बजावले होते; परंतु वाचकांनी रॅफल्सला डोक्यावर घेतले. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये लब्लां या लेखकाने आर्सेन ल्युपँ निर्माण केला. १९६७ साली तर जपानी चित्रकथेत ल्युपँचा नातूही चोऱ्या करू लागला! अशा चोरांचे धैर्य व हजरजबाबीपणा आपल्याला भुरळ घालतात. ज्याचा हार गेला, त्याचे दुःख मात्र सहसा कोणी विचारीत नाही. डॉइलची भीती अगदीच निराधार नव्हती. हॉर्नंगने १९०१ च्या पुस्तकात रॅफल्सला दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धावर धाडले आणि तेथे सैनिकाचे मरण दिले.