बोहाड्याची वही

पालघर जिल्ह्यात मोखाडा हे तालुक्याचे लहानसे गाव आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मोखाडा, जव्हार आणि आसपासच्या पाड्यांवर होळीनंतर बोहाडा भरतो. कोणी त्याला भोवाडा म्हणतात.

बोहाडा म्हणजे सोंगांची रात्र. गावचा रस्ता हेच रंगण. दोन्ही बाजूंना माणसे बसतात. मशाली पेटतात, संबळ घुमतो आणि एकेक सोंग नाचत पुढे येते. आधी गणपती, मग सरस्वती. पुढे रावण, भीम, नरसिंह, राक्षस. शेवटी देवी आणि महिषासुर यांची लढाई होते.

मुखवटे कागदाचे किंवा लाकडाचे असतात. कागदी मुखवट्यासाठी आधी मातीचा साचा करतात. त्यावर खळ लावून कागदाचे थर देतात. ते उन्हात वाळवतात. मग रंग देतात. रावणाचा मुखवटा फार मोठा असतो. तो बांधून नाचायला अंगात बळ लागते. मुखवट्यातून नीट दिसतही नाही. म्हणून मशालवाला जवळ राहून उजेड दाखवतो. सोंग एकाचे, पण काम अनेकांचे.

बरीच सोंगे घराण्याकडे असतात. बाप नाचला, की पुढे मुलगा नाचतो. हे कुठे लिहिलेले नसते, म्हाताऱ्यांच्या तोंडी असते.

मी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. एका पाड्यावरचे बाबा वारले. सगळ्या सोंगांचा क्रम त्यांना पाठ होता. पुढच्या साली वाद लागला. एक म्हणे, "आमचं सोंग आधी." दुसरा म्हणे, "नाही, आमचं." संबळवाला ताटकळत बसला. निम्मी रात्र भांडणातच गेली. मला फार वाईट वाटले. बाबा माझ्या ओळखीचे होते. मला लिहिता येत होते, पण मी त्यांना कधी विचारलेच नाही.

आता पोटासाठी पुष्कळ तरुण वीटभट्टीवर जातात, शहरात जातात. बापाजवळ बसून शिकायला त्यांना सवड नसते. मग ही माहिती टिकायची कशी?

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक वही घ्या. गावातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. कोणते सोंग, कोणत्या घराचे, कोणत्या वेळी, ते विचारा आणि लिहा. तुमच्या गावी बोहाडा नसेल, तर जत्रा असेल, शिमगा असेल. त्याचे लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. पण उद्यावर टाकू नका.

प्रश्न
१. बोहाड्यात पहिले सोंग कोणाचे येते?
२. पाड्यावर वाद का झाला?
३. तुमच्या गावच्या जत्रेत कोणते काम कोणत्या घराकडे आहे? पाच ओळी लिहा.