जांभळीचा बहर आणि रिकामी पेटी

प्रश्न : महाबळेश्वरजवळ आमच्या सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. जांभळीला फुलोरा आला की भरल्या पेटीतून निम्म्या माश्या उडून जातात. काय करावे?

उत्तर : तुमच्या वसाहती जोमदार आहेत, म्हणूनच फुटतात. मकरंदाने पोळी भरली की राणीला अंडी घालायला घरे उरत नाहीत. मग जुनी राणी थवा घेऊन निघते. फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच मधकोठी चढवा. दर आठवड्याला शिशुकोठीतल्या पोळ्यांची खालची कड नीट पाहा. तिथे भुईमुगाच्या शेंगेएवढी राणीघरे लोंबताना दिसतील. ती नुसती मोडून भागत नाही. जुन्या राणीसह काही पोळी, माश्यांसकट, दुसऱ्या पेटीत हलवा. साखरेचा पाक मात्र आता कटाक्षाने बंद, तो मधात उतरतो.