घरी खरं सांगत जा

चिपळूण

चि. निखिल,


काल ताईचा फोन आला. दुबईच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, पुढच्या महिन्यात निघायचंय, हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. मलाही फार आनंद झाला. आयटीआय करून लोट्याच्या एमआयडीसीत तू काम केलंस, हात चांगला बसलाय. तिकडे चांगल्या इलेक्ट्रिशियनला कामाची ददात नाही. मी उमेदीची वर्षं तिथेच काढली, म्हणून हे लिहून पाठवतोय. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं.

तू दहावी पास आहेस, म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीएनआर. दहावी न झालेल्या माणसाला आखातात जाण्याआधी सरकारकडून क्लिअरन्स घ्यावा लागतो, त्याची कागदपत्रं त्या वेळी निदान एकदा नजरेखालून जातात. तुझी जाणार नाहीत, ती तूच वाचायचीस. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर बघ. नोंदणीकृत एजंटला फार तर ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. त्याहून जास्त मागत असेल, किंवा ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देतो’ म्हणत असेल, तर सरळ उठून ये. व्हिजिट व्हिसावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो कामगार. एजंट इथेच असतो.

आता पगार. एजंटच्या तोंडी ‘सोळाशे दिरहम’ एवढंच असतं. त्यात बेसिक किती आणि भत्ता किती, ते बघ. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचं. ओव्हरटाइमही बेसिकवरच निघतो, किमान सव्वापट दराने. बेसिक हजार असेल तर वर्षाची ग्रॅच्युइटी ७०० दिरहम होते, सोळाशे असेल तर ११२०. पाच वर्षांत २१०० दिरहमचा फरक, आणि ओव्हरटाइममधला वेगळा. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागून घे. सही करण्याआधी फोटो काढून मला पाठव.

पासपोर्ट कंपनीने स्वतःकडे ठेवणं तिथल्या कायद्याला मान्य नाही. ‘सगळ्यांचे ऑफिसातच असतात’ असं कोणी म्हणालं तरी नम्रपणे परत माग. पगार बँकेतून किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजमार्फतच यायला हवा. तो थांबला तर गप्प बसू नकोस, तिथल्या कामगार मंत्रालयात तक्रार करता येते. आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्रही दुबईत आहे, तिथे जायला लाजू नकोस.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

आमच्या खोलीत गुहागरकडचा एक शटरिंग कारपेंटर होता. पगाराच्या संध्याकाळी घरी पैसे पाठवायला मनी एक्स्चेंजसमोर रांग लागायची. रांगेत उभं राहून हा खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. त्यावर घरून आलेल्या मागण्या लिहिलेल्या: धाकट्याची फी, चुलत बहिणीच्या लग्नाचा आहेर, गणपतीआधी रंगकाम, कौलं काढून स्लॅब. पहिल्या वर्षी कामाची घाई होती, ओव्हरटाइम भरपूर मिळायचा, तेव्हा त्याने घरी ओव्हरटाइमसकट पगार सांगितला होता. पुढे ती साईट संपली, ओव्हरटाइम बंद झाला, पण घरी तोच आकडा डोक्यात बसलेला. खरं सांगायची त्याला लाज वाटायची. मग सगळा पगार पाठवायचा, आणि मेसचे पैसे भरायला आमच्याकडे पन्नास दिरहम उसने मागायचा. कितीतरी दुपारी तो खुबूसची रोटी आणि दह्यावर काढायचा. घरची माणसं लोभी नव्हती रे. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईला कळलं असतं, तर ती त्या कौलांखाली आनंदाने राहिली असती.

असे पुष्कळ पाहिले मी. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दुमजली बंगले दिसतात, ग्रिलला कुलूप, अंगणात गवत. त्यांतले बरेच अशाच न सांगितलेल्या आकड्यांवर उभे आहेत. बांधणारा साठीला आला तरी परत यायचं नाव काढू शकत नाही, कारण परत आला की पगार थांबला, आणि पगार थांबला तर चालणार कसं, हे घरात कधी बोललंच गेलेलं नसतं.

म्हणून कळकळीने सांगतो, घरी खरं सांगत जा. पगार खरा सांग. तब्येत खरी सांग. १५ जून ते १५ सप्टेंबर उन्हात दुपारी साडेबारा ते तीन काम करायला तिथे बंदी आहे, ती वेळ विश्रांतीचीच ठेव. पण सकाळी दहालाही घामाने शर्ट पिळून निघतो, पाणी पीत राहा, त्यात मीठ-साखर घाल. लघवी गडद व्हायला लागली की समज, पाणी कमी पडतंय. मुतखड्याने कळवळणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याच रात्री ती घरी ‘मजेत आहे’ म्हणत होती. बुर्ज खलिफासमोरचा फोटो जरूर पाठव, तुझ्या अश्विनीला हौस असणार. पण खोलीचाही पाठव, बंक बेडसकट.

एक गोष्ट ताईला आत्ताच सांग. डब्यात अनारसे द्यायचे नाहीत, मालवणी मसालाही खसखस न घालताच करायचा. तिथे खसखस अंमली पदार्थांत धरतात, आईने प्रेमाने दिलेल्या पुडीपायी पोरं तुरुंगात जाऊ शकतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही परवानगीशिवाय नेऊ नकोस.

बँकेत एनआरई खातं उघड, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. घरखर्च वेगळा पाठव आणि स्वतःची शिल्लक या खात्यात टाकत जा. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, रुपया पडला की इकडे जास्त पैसे मिळतात हे खरं, पण दराची वाट बघत कोणाचं औषधपाणी अडवू नकोस.

खोलीत मल्याळी, नेपाळी, पाकिस्तानी, बंगाली, कोणीही असेल. आजारपणात उशाशी तेच बसतात. त्यांच्याशी जिव्हाळ्याने राहा.

निघण्याआधी एका रविवारी ये. एकटा नको, ताईला आणि अश्विनीला घेऊन ये, ऑफर लेटरही आण. बेसिक किती, मेसला किती जाणार, दर महिन्याला घरी किती येणार आणि किती वर्षांनी तू परत येणार, हे सगळ्यांनी बसून एका वहीत लिहून काढू. ओव्हरटाइम त्यात धरायचा नाही.

तुझा,
मामा