सोमवारचा काटा

माजिवडा, ठाणे

चि. रेणू,


काल ताईचा फोन आला. गुरुवारी ठाणे स्टेशनच्या पुलावर तुला चक्कर आली, तू पायरीवरच बसलीस आणि घरी येऊन "गर्दीत गुदमरले" म्हणालीस. ताईनं ते मानलं. मी नाही मानणार. रेणू, तू रात्री जेवतेस का?

ऑफिसातल्या स्पर्धेचं तूच गणपतीत कौतुकानं सांगितलंस. पाच-पाच जणांच्या टीम, दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन, ज्यांचं जास्त उतरेल त्यांना बक्षीस. मीही म्हटलं, बरं आहे, एकटीनं होत नाही ते चौघींच्या संगतीनं होतं. आता ताई सांगते, रविवारी रात्री तू पाणीसुद्धा मोजून पितेस. का, तर "माझ्यामुळे टीम हरायला नको"! अगं, ही कसली संगत?

तुझ्या मावशीची कात्रणं ठाऊक आहेत ना? त्यात एक बंगळुरूच्या झिरोधा कंपनीचं आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ज्याचा बीएमआय २५ च्या खाली, त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बोनस. शिवाय सगळ्या टीमची सरासरी २५.३ होती, ती ऑगस्टपर्यंत २४ च्या खाली आली तर सगळ्यांनाच आणखी अर्धा. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्याचं पोट माझ्या बोनसच्या आड! टीका झालीच. त्याच वर्षीच्या पुढच्या योजनेत वजनाचं नाव नव्हतं. रोज हालचालीतून निदान ३५० कॅलरी खर्च करायच्या, वर्षातले ९० टक्के दिवस आपलं ठरलेलं पाळलं की एक महिन्याचा पगार. हे मला पटलं. चालणं आपल्या हातात असतं, काटा नसतो.

आणि काट्याला कळतं तरी काय? पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि काटा तेही बक्षिसात धरतो. मोजायचंच तर कंबर मोज. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत सांगतात. त्यासाठी जेवण टाकावं लागत नाही. टाकतेस ना? खरं सांग.

मला हे कळतं, कारण मीही टाकलं होतं. "मुलगी जरा अंगानं भरलेली आहे" असं एका घरून आलं. तेव्हा मी वागळे इस्टेटला पॅकिंगमध्ये होते. डबा उघडायचा, ढवळायचा, मिटायचा. शेजारच्या बायका आपली भाजी पुढे करायच्या आणि मी "उपास आहे" म्हणायचे. इतके उपास कुठल्या देवाचे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. केस गेले, हिमोग्लोबिन उतरलं, ते स्थळही फिरकलं नाही. स्थळाचं काही नाही गं. त्या बायकांत बसून चार घास हसत खायचे राहून गेले, त्याची चुटपुट अजून लागते.

जास्त बोलले का? आईला वाचून दाखवू नकोस. तू जाडी नाहीस आणि बारीकही नाहीस. तू आमची रेणू आहेस, आणि ही काही बीएमआयची पट्टी नव्हे, तेव्हा वाद घालू नकोस. तुझ्या टीममधल्या मुली वाईट असतील असं मला वाटत नाही. चक्कर आली हे त्यांना सांग तरी. बहुतेक त्यांतली आणखी एखादी उपाशी निघेल. वजनाऐवजी पावलं मोजू या, असं सगळ्यांनी मिळून एच.आर.ला सांगा. जेवणानंतर वीस मिनिटं एकत्र चाला. आणि या सोमवारी काट्यावर चढू नकोस, हरली टीम तर हरू दे.

शनिवारी माझ्याकडेच ये. कापूरबावडीला उतरलीस की फोन कर, मी नाक्यावर येते. सकाळी लॅबमध्ये रक्त देऊ. हिमोग्लोबिनला उपाशीपोटी जावं लागत नाही, तेव्हा खाऊनच निघू. पोह्यांत तेल बेताचं घालीन, पण दाणे मात्र नेहमीएवढेच. रविवारी त्या मुलींनाही बोलाव, उपवन तलावाला फेरी मारू. माझे गुडघे फार साथ देत नाहीत, तेव्हा हळू चालायचं. माझ्यासाठी थांबाल ना?

तुझी,
मावशी