प्रॉक्सी सर्व्हर : संगणकांतील अडत्या



काटोलचा बागाइतदार संत्रीं घेऊन नागपुरास कळमन्याच्या बाजारांत येतो, तेव्हां तो प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारीं जात नाहीं. माल तो अडत्याच्या स्वाधीन करतो व पुढील बोलणें अडत्या करतो. इंटरनेटवर असेंच काम करणाऱ्या संगणकास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. आपली मागणी तो स्वतः दूरच्या सर्व्हरकडे नेतो व उत्तर आपणांस आणून देतो. वेबचा जन्म ज्या सर्न संस्थेंत झाला, तेथील सर्व्हरांत १९९४ सालींच ही सोय होती. पुष्कळ शाळांत व कचेऱ्यांत बाहेर जाण्यास हाच एक दरवाजा असतो. म्हणून घरीं चालणारा प्रोग्राम तेथें अडतो.

पायथॉन भाषेंत 'रिक्वेस्ट्स' हें साधन वापरतांना 'प्रॉक्सीज' या नांवाखालीं दोन नोंदी द्याव्या लागतात : एक 'एचटीटीपी'ची व दुसरी 'एचटीटीपीएस'ची. दोहोंपुढें प्रॉक्सीचा पत्ता व पोर्ट लिहावा. स्क्विड या प्रॉक्सीचा नेहमींचा पोर्ट ३१२८ आहे. पुष्कळ विद्यार्थी पहिलीच नोंद करतात. मग 'एचटीटीपीएस'ची मागणी प्रॉक्सीस टाळून सरळ जाऊं पाहते, आणि सरळ वाट बंद असल्यास प्रोग्राम ताटकळत राहतो. यासाठीं 'टाइमआउट' अवश्य द्यावा. ४०७ हा अंक आल्यास प्रॉक्सी आपली ओळख मागत आहे, असें समजावें; दूरच्या सर्व्हरास दोष देऊं नये.

हे पत्ते प्रोग्रामांत न लिहितां संगणकाच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'मध्यें ठेवणें अधिक बरें. म्हणजे तोच प्रोग्राम घरीं व शाळेंत न बदलतां चालतो. परवलीचा शब्द तर प्रोग्रामांत कधींच लिहूं नये.

आतां मुख्य गोष्ट. 'एचटीटीपी'नें पाठविलेला मजकूर अडत्यास उघड वाचतां येतो, बदलतांही येतो. 'एचटीटीपीएस'मध्यें तो 'कनेक्ट' या आज्ञेनें केवळ एक बोगदा उघडतो. कोणत्या सर्व्हराकडे जावयाचें तें त्यास कळतें, आंतील मजकूर कळत नाहीं. परंतु प्रमाणपत्राची तपासणी बंद केली, कीं हें संरक्षण नाहींसें होतें. काम अडलें म्हणून घाईनें ती बंद करणारा विद्यार्थी आपली कुलपें स्वतःच काढून ठेवितो. तसेंच, फुकट मिळणाऱ्या अनोळखी प्रॉक्सीवर विसंबूं नये.

तात्पर्य, बागाइतदार अडत्याची पत पाहून मगच माल उतरवितो. आपणही तसेंच करावें.