दूरचा सर्व्हर मौन धरतो तेव्हा

शेकडो कोस दूरच्या एखाद्या इमारतीत एक सर्व्हर रात्रंदिवस काम करीत असतो. त्यावर कोठे रुग्णालयाच्या नोंदी असतात, कोठे परीक्षेचे निकाल. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली अशा असंख्य यंत्रांवर चालते. असा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि तो उत्तरच देईना, तर काय करावे? यंत्राजवळ जाता येत नाही. तर्काच्या आधारेच दोष शोधावा लागतो.

आम्ही प्रथम 'पिंग' पाठवितो. 'कोणी आहे का?' अशी ही हाक होय. माइक म्यूस यांनी ती १९८३ साली रचली. ओ आली, तर यंत्र जागे आहे आणि वाट मोकळी आहे. ओ आली नाही, तरी यंत्र बंदच आहे असे मानू नये. कित्येक ठिकाणी फायरवॉल हा पहारेकरी ही हाक आत जाऊ देत नाही.

मग २२ क्रमांकाचे दार ठोठावावे. दुरून आत शिरण्याची 'एसएसएच' ही सेवा बहुधा तेथे असते. 'जोडणी नाकारली' असे उत्तर तत्काळ आले, तर बहुधा यंत्र चालू असून ती सेवा मात्र सुरू झालेली नाही. नुसतीच शांतता असेल, तर फायरवॉल, नेटवर्क किंवा अर्ध्यावर अडलेली सुरुवात यांवर संशय घ्यावा.

अशा वेळी सेवादात्याने दिलेला कन्सोल उघडावा. यंत्राचे नेटवर्क बंद असले तरी त्याचा पडदा तेथे दिसतो. पुष्कळदा दोष एका ओळीचा निघतो. 'एफएसटॅब' या फाइलीत जोडावयाच्या डिस्कांची यादी असते. काढून टाकलेल्या डिस्कची ओळ तीत राहिली, तर यंत्र सामान्यतः ९० सेकंद तिची वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. ती ओळ काढून टाकावी. डिस्क अनिवार्य नसेल, तर तिच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा.

ही यादी मुख्यतः यंत्र सुरू होताना वाचली जाते. म्हणूनच आज केलेली चूक महिनोन्महिने निजून राहते आणि पुढे भलत्याच दिवशी जागी होते. यास्तव यादीत बदल करताच 'माउंट' या आज्ञेने ती पडताळून पाहावी. आणि दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईलही, पण ते का अडले होते हे कधीच कळणार नाही.